तीसपैकी एकोणीस

टोपणावर दातांचे व्रण होते. साधं निळं पेन, आणि त्याच्या टोपणाची दांडी इतकी चावलेली की प्लास्टिक पांढुरकं पडून त्यात बारीक चिरा गेलेल्या... उजव्या दाढेखाली धरत असणार, बाईंनी मनाशी ठरवलं, आणि पेनाच्या मालकिणीकडे, म्हणजे जेवणघराच्या मधोमध उभ्या असलेल्या वकील मुलीच्या उजव्या गालाकडे पाहिलं. वकिली करतात आणि पेनं चावतात. शाळेतल्या सगळ्या नोकरीत मुलांच्या तोंडातून किती पेनं ओढून काढली असतील, ओली, कोमट – त्यातून एक गोष्ट पक्की कळली होती. उत्तर येत नसलं की मूल पेन चावतं; येत असलं की नुसतं धरतं.

पेन टेबलावरून हातोहात चाललं होतं. ज्याच्याकडे जाई तो चष्मा सारखा करी, वकील मुलीनं पेन्सिलीनं फुली केलेली जागा शोधी आणि सही करी. बाईंच्या डावीकडे इंजिनियर बसले होते. त्यांनी सही केली, टोपण लावलं, आणि बाईंच्या ताटावरून हात लांबवून पेन पलीकडच्या टेलरकाकूंना दिलं – गरम भांडं लहान मुलाला लागू नये म्हणून वरच्या वर पुढे करावं तसं.

"आणि मला?" बाई म्हणाल्या.

"तुमचं... नंतर... आहे," इंजिनियर म्हणाले. एकेक शब्द सुटा, मोठ्यानं, ओठ ताणून.

या आठवड्यात सगळेच त्यांच्याशी असं बोलू लागले होते. चहा... हवा... का? जणू कानात शिसं ओतलंय आणि डोक्यात भुसा. आणि गंमत अशी की ही माणसं आपण फार प्रेमळ झालो आहोत अशा समजुतीत होती. इंजिनियरांनी तर काल पावाला लोणी लावून दिलं. परवापर्यंत हाच माणूस वर्तमानपत्राचं कोड्याचं पान बाईंनी आधी घेतलं म्हणून दोन-दोन दिवस तोंड फुगवायचा. लोणी! मी त्याला काय केलंय म्हणून त्यानं माझ्या पावाला लोणी लावावं?

झालं होतं ते असं. या वृद्धनिवासात राहणाऱ्या सगळ्यांची माहिती कार्यालयातल्या संगणकात होती – जन्मतारखा, बँकांची खाती, औषधं, मुलांचे फोन – आणि ती कुणीतरी बाहेरच्यांनी पळवली. नुसती पळवली नाही, उघड्यावर मांडली, कुणीही यावं आणि बघावं. पहिल्यांदा फोन आले. टेलरकाकूंना कुणीतरी गोड आवाजात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव सांगितलं आणि त्यांनी पलीकडे डॉक्टरच आहेत असं समजून बँकेचा आकडा सांगून टाकला, खातं रिकामं. मग कुणाच्या तरी नातवानं ती सगळी माहिती शोधून आजोबांना दाखवली, आणि त्या माहितीत दर सहा महिन्यांनी डॉक्टर घेतात त्या स्मरणशक्तीच्या चाचणीचे गुण होते. तीसपैकी. नावापुढे नाव, गुणापुढे गुण. संध्याकाळच्या सूपपर्यंत सगळ्या जेवणघराला सगळ्यांचे पाठ.

टेलरकाकू तीस. इंजिनियर एकोणतीस. कोपऱ्यातले ते दोघे भाऊ, ज्यांतला धाकटा दररोज थोरल्याला "तुम्ही इथे नवीन का?" असं विचारतो, ते दोघेही सत्तावीस.

बाई एकोणीस.

अठराच्या खाली गेलं की वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्याचं दार आकडे दाबून उघडतं, आणि आकडे आत राहणाऱ्यांना सांगत नाहीत.

ही माणसं पास कशी झाली ते बाईंना माहीत होतं. डॉक्टर आळशी, वर्षानुवर्षं तेच पाच शब्द. सुरुवातीला पाच शब्द सांगायचे, मध्ये घड्याळ काढायला लावायचं, शंभरातून सात-सात वजा करायला लावायचं, आणि शेवटी विचारायचं, ते पाच शब्द कोणते? ज्याची चाचणी झाली तो बाहेर येऊन पुढच्याला सांगे. पुढे पुढे तर टेलरकाकूंनी ते काम अंगावरच घेतलं, चाचणीच्या आदल्या संध्याकाळी खोल्याखोल्यांतून फिरून त्या सगळ्यांची तयारी करून घेत. बाईंच्याही दाराशी आल्या होत्या. बाईंनी दार अर्धंच उघडलं. "मी परीक्षेला बसते, कॉपी करत नाही." आणि लावून घेतलं.

आणि दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरनं विचारलं, आजी, आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत? बाई म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक नसेल तर बाहेर जाऊन मोजून या. शून्य. आज वार कोणता? भिंतीवर तुमच्या डोक्यामागे लिहिलाय. शून्य. असे सात-आठ गुण तर भांडणातच गेले, हे त्यांनी नंतर स्वतःला किती वेळा सांगितलं. भांडणात गेले. पाच शब्दांपैकी मात्र... दोन आले होते. तिथं भांडण नव्हतं. तिथं नुसती एक पांढरी जागा होती, पुसलेल्या फळ्यासारखी, आणि फळा आपणच पुसला की कुणी येऊन पुसून गेलं तेही कळत नव्हतं – हे मात्र त्यांनी स्वतःला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा नाही.

टेलरकाकू सही करत होत्या. बाईंनी वाकून पाहिलं. सावकाश, टाका घालावा तशी, वळणदार सही – माहेरच्या आडनावानं. लग्नाला साठ वर्षं होत आली असतील त्या बाईच्या.

"छान, आजी," वकील मुलगी म्हणाली आणि कागद उचलला.

मग ती बाईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसली. इतरांसारखी मोठ्यानं बोलली नाही, एवढं तिच्या पदरात टाकायला हवं. "बाई, तीन वाटा आहेत, हे मी मघाशी सगळ्यांना सांगितलं."

"मी इथंच होते."

"हो. तरी पुन्हा सांगते."

"नको. मी सांगते." बाईंनी चमचा ताटात सरळ ठेवला. "एक, व्यवस्थापन देतंय ते घ्यायचं. वर्षभर आमच्या खात्यांवर फुकट नजर ठेवणार आणि छापील माफी देणार. पण घेतलं की पुढं दावा करायचा हक्क गेला. दोन, सरकारी प्राधिकरणाकडे तक्रार. खर्च नाही, त्यांनी ठरवलं तर निवासाला दंड होईल, आमच्या हाती काही नाही. तीन, सगळ्यांनी मिळून कोर्टात भरपाईचा दावा. त्यासाठी तुम्हाला वकीलपत्र हवं आणि त्यावर सही हवी. तक्रार आणि दावा दोन्ही करता येतात. माफी आणि दावा दोन्ही नाही. बरोबर?"

"बरोबर."

"किती गुण दिले?"

मुलगी हसली, आणि लगेच हसणं आवरलं. "तुम्ही समजून सही करताय याबद्दल मला शंका नाही. पण समोरच्यांकडे ते गुण आहेत. त्यांनीच घेतलेत. पहिल्याच तारखेला हरकत घेतील, की या बाईंना आपण कशावर सही करतोय ते कळत नाही. मग त्या एका हरकतीवर सगळ्यांचं प्रकरण लांबेल. आणि इथं..." तिनं टेबलाभोवती नजर फिरवली. "इथं लांबणं परवडणारं नाही."

"म्हणजे माझे गुण चोरीला गेले अशी तक्रार मला करता येणार नाही. कारण माझे गुण कमी आहेत."

वकील मुलीनं पेन तोंडाकडे नेलं, बाईंची नजर पाहिली आणि खाली घेतलं. "मुलानं तुमच्या वतीनं सही केली तर चालेल. वादमित्र म्हणतात त्याला. किंवा डॉक्टरांकडून आज नव्यानं चाचणी करून दाखला घ्या. ते दुपारी येणार आहेत ना? उद्या सकाळी मला दावा दाखल करायचाय."

"आणि हे बाकीचे?"

"बाकी सगळ्यांचे गुण उत्तम आहेत."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरे होतं. एका वाक्यात हे सगळं टेबल – हे लोणी लावणारे, ओठ ताणणारे, दया करणारे तीस आणि एकोणतीस आणि सत्तावीस – पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंसुद्धा, आणि त्याची चव त्यांना इतकी आवडली की त्यांनी ते गिळलं नाही आणि बोलूनही टाकलं नाही. खडीसाखरेसारखं गालात धरून त्या उठल्या आणि खोलीकडे चालू लागल्या.

कॉरिडॉर लांब होता आणि दोन्ही भिंतींना धरायला गुळगुळीत लाकडी कठडा. बाई तो धरत नसत. आज त्याला हात न लावण्यातसुद्धा कुणाला तरी दाखवल्यासारखं होत होतं. पण कुणाला? कार्यालयाच्या काचेआड व्यवस्थापक फोनवर हसत होता. चोरी याच्या घरी झाली आणि तोंड लपवत फिरायचं आम्ही.

खोलीत शिरताच त्यांचा फोन वाजला. मुलाचा होता.

"आई, जेवलीस?"

"जेवले. कुणीतरी घास भरवायचंच बाकी होतं."

"अगं... ऐक ना. मला व्यवस्थापकांचा फोन आला होता. ते म्हणतात, ती माफी घेऊन टाकणं सगळ्यांच्या हिताचं आहे. मी येतो उद्या आणि तुझ्या वतीनं सही करून टाकतो. तुला कशाला डोक्याला त्रास?"

"माझं डोकं आहे. त्रास त्याला नाही द्यायचा तर काय गुडघ्याला द्यायचा?"

"झालं तुझं सुरू."

"तू माझ्या वतीनं दाव्यावर सही करशील?"

 लहानपणी नको असलेला प्रश्न आला की तो उभा राहायचा, दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत – आता हातात काय असेल, गाडीची किल्ली. "आई, उद्या त्यांनी तुला तिथून काढलं तर? आमचं घर तू पाहिलंयस. तू जिथं आहेस तिथं नीट राहा, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि गुण मी पाहिले." आवाज खाली आला. "मला आधी कळवायचं होतंस. बँकेचं, घराचं... सगळंच आता बघावं लागेल ना. हळूहळू माझ्या नावावर घेतलेलं बरं."

सगळंच. हळूहळू. फोन ठेवल्यावर बाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. या हातानं सही केली की ती सही, आणि उद्यापासून नाही. कुणी भांडलं नाही, कुणी हिसकावून घेतलं नाही. पोटच्या पोरानं प्रेमानं, जेवलीस का विचारून, हात काढून घेतला. नको होतं मला त्याचं प्रेम. त्यापेक्षा त्यानं भांडायला हवं होतं. भांडण बरोबरीच्यांशी करतात.

चाचणी दिली आणि दोन गुण कमी पडले तर वरचा मजला. नाही दिली तर हे.

दार वाजलं. टेलरकाकू आत आल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, चोरून आलेल्या मुलीसारख्या.

"बाई, चाचणी देताय ना? त्या पोरीनं सांगितलं मला. उभ्या राहा."

"कशाला?"

"उभ्या तर राहा. बसलेल्या माणसाचं माप चुकतं."

कॉपी करत नाही, हे वाक्य तयार होतं. किती वर्षांचं तयार वाक्य, घासून घासून गुळगुळीत झालेलं. पण टेलरकाकूंनी विचारलंच नव्हतं, त्यांनी थेट दोन्ही हातांची बोटं बाईंच्या खांद्यावर ठेवली – सुकलेली, सुईनं टोचून टोचून टोकं निबर झालेली बोटं. "खांदा. इथं शिडी टेकवली." बोटं खाली आली. "छाती. इथं लोकर, गरम." मग कमरेला दोन्हीकडून वेढा. "कंबर. इथं कुलूप, घट्ट. श्वास सोडा, पोट आत ओढू नका, माझ्यासमोर सगळ्याच ओढतात." मनगट उलटं करून त्यावर अंगठा दाबला. "इथं लिंबू पिळलं." आणि मग भिंतीला धरत, कण्हत, ती म्हातारी खाली वाकली आणि बाईंच्या घोट्याला हात लावून म्हणाली, "इथं वारा. साडीखालून शिरतोय."

बाई थिजून उभ्या होत्या. शेवटचं असं कुणी हात लावून... आणि त्या रागातसुद्धा, अंग चोरत असतानासुद्धा, आत कुठंतरी एक जुनी, निर्विकार शिक्षिका खुर्ची ओढून मागच्या बाकापाशी बसली होती आणि तास बघत होती, आणि म्हणत होती – उत्तम. हे उत्तम आहे. वस्तू आधी अंगाला लावली, मग शब्द दिला. क्रम वरून खाली, चुकायला जागाच नाही. मी इतकी वर्षं पाढे घोकून घेतले आणि हे मला सुचलं नाही.

"तुम्ही हे असं कसं शिकवता सगळ्यांना?" त्यांनी विचारलं. प्रश्न त्यांना हवा होता त्यापेक्षा मऊ आला.

"दुकानात पोरी असायच्या ना शिकायला. लिहिता यायचं नाही कुणाला. मापं अशीच धरायच्या अंगावर." टेलरकाकू उठताना बाईंचा हात धरून उठल्या आणि मग त्या हाताकडे बघत राहिल्या. "माप नाही विसरत मी. बाकी... काल पोरगी भेटायला आली होती, बाई. चेहरा ओळखीचा होता. नाव आलं नाही. मी तिला 'बाळ, बाळ' म्हणून वेळ मारून नेली." त्या हसल्या. "खातं रिकामं झालं ना, त्याचं एवढं नाही. पण मीच तो आकडा सांगितला म्हणतात. मला तर फोन आलेला आठवतच नाही. कोर्टात विचारतील का हो?"

 गालातल्या खडीसाखरेचं काय झालं ते बाईंनी तपासलं. अजून होती, पण तिच्या कडा टोचत होत्या.

डॉक्टरांची खोली तळमजल्यावर, कार्यालयाला लागून. बाहेरच्या खुर्चीत बसून बाई खांद्यापासून घोट्यापर्यंत जाऊन आल्या. शिडी, लोकर, कुलूप, लिंबू, वारा. सगळं जिथल्या तिथं. स्वतःची किळस यायला हवी होती... ती आली नाही, आणि ती आली नाही याचाच राग आला, म्हणजे काहीतरी आलं तर खरं. तुम्ही आमचं सगळं उघड्यावर मांडलंत. मग मी तुमच्या पाच शब्दांशी प्रामाणिक का राहू? हा युक्तिवाद वर्गातल्या मुलानं केला असता तर त्याला बाकावर उभं केलं असतं.

"या आजी, बसा."

"मी तुमची आजी नाही."

"बरं, बाई." डॉक्टर आज चाचणीचा नेहमीचा पिवळा पुठ्ठा शोधत नव्हते. त्यांच्यासमोर कोरा करकरीत नवा संच होता, प्लास्टिकचं वेष्टन नुकतंच फाडलेला. "जुनी प्रश्नपत्रिका पण त्या चोरीत बाहेर पडली ना. आता सगळे शब्द नवे. आणि वरून सांगितलंय की उद्यापासून सगळ्यांचीच पुन्हा घ्या. सगळ्यांची, एका आठवड्यात. तुमचा नंबर पहिला."

"वरून म्हणजे?"

"व्यवस्थापनाकडून. त्यांच्या वकिलानं सुचवलं म्हणे." डॉक्टर संच सरळ करत होता, मान खाली. त्याला खरंच काही कळत नव्हतं, हे बाईंना दिसलं. बिचारा नुसता आळशी होता.

आणि मग सगळं एकदम सरळ दिसलं. फळ्यावरचं गणित बघता बघता सुटावं तसं. उद्या दावा दाखल होणार. उद्यापासून चाचण्या. टेलरकाकू बसणार या खुर्चीत, खांदा-छाती-कंबर करत, आणि तिला दुसरेच शब्द विचारणार. आणि दोन्ही भावांना. आणि इंजिनियरांना... त्या लोणी लावणाऱ्या हातालासुद्धा, तो किती थरथरतो ते बाईंनी काल पाहिलं होतं आणि बघितलं नाही असं केलं होतं. आठवडाभरात सगळं टेबल वरच्या मजल्यावर, आणि खाली सह्या केलेल्या त्या कागदांना अर्थ नाही. जे कॉपीचं वाक्य आपण दुपारभर गालात धरून बसलो, ते व्यवस्थापनाला सांगायची गरजच नव्हती. यांना ते आधीच ठाऊक होतं. कदाचित कित्येक वर्षं ठाऊक होतं, आणि सत्तावीस-अठ्ठावीस गुणांची माणसं खालच्या मजल्यावर ठेवणं सोयीचं होतं तोवर चालू दिलं.

एवढा स्वच्छ राग बाईंना फार दिवसांत आला नव्हता. कुणावर काढावा हे शोधावं न लागणारा राग. तो थंड होता.

"पाच शब्द सांगतो. नीट ऐका. शेवटी विचारीन." डॉक्टरांनी पहिलं कार्ड उचललं. "पूल."

बाईंनी डोळे मिटले.

"मीठ. आरसा. चप्पल. धूर."

एकदाच. परत सांगत नाहीत, नियम आहे. बाई ऐकत होत्या – पण अशा ऐकत होत्या जसं त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. स्वतः पास होण्यासाठी ऐकतात तसं नाही, उद्या सकाळी पहिल्या तासाला चाळीस तोंडं वर करून बसलेली असणार आणि त्यांच्यापुढं उभं राहून हे द्यायचंय, तेव्हा आदल्या दिवशी धडा वाचतात तसं. धाकट्या भावाला आरसा कसा शिकवायचा, त्याच्या हातातच द्यायचा. इंजिनियरांना पूल सोपा, त्यांनी बांधले असतील. टेलरकाकूंना... त्यांना फक्त जागा दाखवायच्या, त्या आपल्या लावून घेतील.

"आता घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."

त्यांनी काढलं. वर्तुळ जरा एका बाजूला कललं, पण काटे बरोबर पडले, निदान बरोबर वाटले. आज वार कोणता? त्यांनी सांगितला. कितवा मजला? "तळमजला," बाई म्हणाल्या, सभ्यपणे, आणि डॉक्टरांनी आश्चर्यानं वर पाहिलं. शंभरातून सात. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी... इथं थोडं थांबावं लागलं, खोलीत पंखा घरघरत होता, पलीकडे कार्यालयात व्यवस्थापक पुन्हा हसला. बहात्तर. पासष्ट.

"छान. आता सांगा, ते पाच शब्द."

डॉक्टर पेन धरून थांबले. बाईंनी एकदम उत्तर दिलं नाही. ते शब्द द्यायला त्यांचा जीव होईना; एकदा तोंडातून गेले की ते या माणसाचे, या कागदाचे, मग पुन्हा आतले राहतील की नाही कोण जाणे, आणि बाहेर तर तेच न्यायचे होते. कॉरिडॉरमधून, काचेसमोरून, कठड्याला हात न लावता... लागला तरी हरकत नाही, लावून. खांद्यावर हात ठेवल्यासारखं काहीतरी होतं. पूल होता. मीठ होतं. त्याच्या पुढच्या जागेत काय आहे ते बाईंनी अजून पाहिलं नव्हतं. पांढरं असेल, भरलेलं असेल... आणि आयुष्यात पहिल्यांदाच, उत्तर येतंय की नाही हे माहीत नसलेल्या मुलाच्या जागी बसून, त्या घाईला आल्या नव्हत्या.

"वेळ घ्या," डॉक्टर म्हणाले.

"घेतेय," बाई म्हणाल्या.